सिगारेट सोडल्यावर हिरड्यांतून रक्त यायला लागलंय, हे उलटंच नाही का?

सातपूरचा_सुट्टा
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४१, सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, सिगारेट १८ वर्षं. आधी टपरीवरून सुट्ट्या, मग पाकीट, दिवसाला १०-१२ तरी व्हायच्याच आणि नाइट शिफ्टला किती झाल्या ते मोजायचं नाही असं माझं माझ्याशीच ठरलेलं. तर २३ दिवसांपूर्वी सोडली. कमी-बिमी करत बसलो नाही, एकदम बंद. चिडचिड झाली, झोप उडाली, ते सगळं अपेक्षित होतं. पण नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी ब्रश करून थुंकलो तर बेसिन गुलाबी. म्हटलं ब्रश लागला असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग रविवारी पेरू खात होतो, अर्धा खाऊन हातात धरलेला, बायको म्हणाली आज लाल पेरू मिळाला का. पेरू पांढराच होता हो, दाताचे जिथे चावे उमटले होते त्याच्या कडेकडेने रक्त. १८ वर्षांत एक थेंब कधी आला नव्हता, दात पिवळे होते पण हिरड्या एकदम टणक, मी तर लोकांना अभिमानाने सांगायचो.

घाबरून डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी ती बारीक खुणांची सळई घेतली, प्रत्येक दाताला टोचत गेले आणि बाजूच्या मुलीला आकडे सांगत होते, चार, सहा, पाच, सहा, हाउजी चालल्यासारखं. खालचे पुढचे दोन दात किंचित हलतायत म्हणाले, मला तर कळलंच नव्हतं. हे काय २३ दिवसांत झालेलं नाही, जुनं आहे, दोन बैठकीत खोलवर क्लीनिंग करू म्हणाले. मी विचारलं जुनं आहे तर इतकी वर्षं रक्त का नाही आलं, पण बाहेर पेशंट खोळंबलेले, नीट बोलणं झालंच नाही. कंपनीतला एक सीनियर म्हणतो तंबाखूने हिरड्या आवळून धरल्या होत्या, तू सोडलीस म्हणून सुटल्या. ऐकायला पटतं पण.

आणि अजून एक भानगड. भाची डेंटल कॉलेजला आहे, तिच्या सीनियरचा थिसिस आहे सिगारेट ओढणाऱ्यांची लाळ आणि हिरड्या यावर, मामा चला म्हणून घेऊन गेली. पाच मिनिटं मान खाली घालून नळीत लाळ गाळत बसवलं. तिथे एक पट्टी असते त्यात बुडवली तर कोटिनिन (म्हणे शरीरात निकोटिन गेल्याची खूण) पॉझिटिव्ह! विसावा दिवस होता तो माझा. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू, आणि संध्याकाळपर्यंत बहिणीला, आईला, बायकोला सगळ्यांना बातमी. देवाशप्पथ एक झुरका मारलेला नाही. पट्टी चुकते का? लाळेतून हिरड्यांचं नक्की काय कळतं? आणि रक्त थांबेपर्यंत ब्रश बंद ठेवू का? खरं सांगायचं तर एकदा मनात आलं की एक ओढून बघू, रक्त थांबतं का.

कटिंग_मारके
सिगारेटचं पाकीट गेलं आणि हिरडीतलं पॉकेट सापडलं 😀 मनावर घेऊ नका भाऊ. २३ दिवस म्हणजे खाऊ नाही, माझा रेकॉर्ड ४ आहे, त्यात दोन दिवस तापाने पडून होतो.

दंतकथा
दादा, आधी दोन गोष्टी, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. परत ओढू नका आणि ब्रश अजिबात बंद करू नका. मी कराडला प्रॅक्टिस करते, हिरड्यांचंच काम जास्त, आणि "मॅडम सोडली नसती तर बरं झालं असतं" म्हणणारा पेशंट दर थोड्या दिवसांनी येतोच.

दातावर जो चिकट थर बसतो त्यात जंतू असतात, तो हिरडीच्या कडेला साचला की शरीर तिकडे रक्त वाढवतं, बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांची भिंत नाजूक असते म्हणून ब्रश लागला की रक्त येतं. म्हणजे रक्त येणं हीच आत सूज आहे याची खबर. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि वर्षानुवर्षं ओढल्यावर त्या नव्या वाहिन्याही जशा वाढायला हव्यात तशा वाढत नाहीत. सूज असते, जंतू असतात, हाड झिजत असतं, फक्त खबर बाहेर येत नाही. तुम्ही एमआयडीसीतले म्हणून सांगते, मशीनच्या सेन्सरला जंपर टाकला, म्हणजे वायर जोडून तो गप्प केला, की लाइन थांबत नाही पण बेअरिंग जायचं ते जातंच ना, तसं. तुमचा जंपर २३ दिवसांपूर्वी निघाला.

टणक हिरड्यांचा अभिमान वगैरे वाचून हसू आलं, रागावू नका. ओढणाऱ्याची हिरडी फिकट, जाड, जरा चामड्यासारखी होते आणि तीच लोकांना निरोगी वाटते. फक्त वरून बघितलं तर आम्हीही फसतो, म्हणून तर ती सळई. हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर असली तर ठीक, ४ च्या पुढे गेली की पॉकेट म्हणायचं. ६ म्हणजे तिथे तुमचा ब्रश पोचतच नाही. ओढणाऱ्यांत वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, टाळूकडे, हे जास्त दिसतं, आरशात तर ती बाजू कुणी बघत नाही.

धूर नुसतं लपवतो असं नाही, वाढवतोही. पांढऱ्या पेशी, ज्यांनी जंतूंना खायचं, त्यांचं काम बिघडतं, जखम भरायला वेळ लागतो, क्लीनिंग केलं तरी ओढणाऱ्याला न ओढणाऱ्याइतका फायदा होत नाही. इम्प्लांटही जास्त फेल जातात. अमेरिकेत २००० साली एक मोठं विश्लेषण छापून आलं होतं, त्यात ओढणाऱ्यांमध्ये पायरियाची शक्यता कधीच न ओढलेल्यांच्या साधारण ४ पट आली. पण त्यातलाच दुसरा आकडा मी पेशंटना आवर्जून सांगते, सोडून ११ वर्षं झालेल्यांमध्ये ती जवळजवळ न ओढणाऱ्यांइतकी खाली आलेली. २०१८ पासून आमच्याकडे जी नवी वर्गवारी आहे त्यात दिवसाला १० किंवा जास्त सिगारेट असल्या तर पायरियाला सरळ ग्रेड सी लागतो, म्हणजे झपाट्याने वाढणारा. डायबेटिसवाल्यांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) ७ किंवा वर असलं तरी तोच ग्रेड. तर १०-१२ म्हणजे काही कमी नव्हत्या हो.

सोडल्यावर महिना-दीड महिन्यात रक्त येणाऱ्या जागा साधारण दुप्पट झाल्याचं अभ्यासातही दिसलंय. पण ते आपोआप जाईल म्हणून बसू नका, खाली कीट, म्हणजे तोच थर दगडासारखा घट्ट झालेला, आहे तोवर रक्त येणारच. दोन बैठका करून घ्या. आणि आत्ताच सांगून ठेवते, क्लीनिंगनंतर सूज उतरली की हिरडी खाली बसते, दात लांब दिसतात, मध्ये फटी दिसतात, गार पाणी लागतं, आणि मग लोक म्हणतात डॉक्टरने मशीन लावून दात ढिले केले. फट कीट भरून बुजलेली होती, कीट काढलं म्हणून दिसली, एवढंच.

आजोबांचा_नातू
मॅडम राग नको, पण आमचे आजोबा सिन्नरला, ८५ व्या वर्षापर्यंत रोज एक बंडल बिडी, आणि ऊस दाताने सोलून खायचे. बत्तीसच्या बत्तीस. हे ४ पट वगैरे आकडे साहेब लोकांच्या सिगारेटचे, आमच्या तेंदूपत्त्याला काय लागू होणार?

दंतकथा
@आजोबांचा_नातू तुमचे आजोबा होते तसे माझेही एक चुलत आजोबा होते. शक्यता ४ पट म्हणजे प्रत्येकाला होतंच असं नाही. आणि त्याच गावात चाळिशीत कवळी लावलेल्यांचं नाव कोणी सांगत नाही, ऊस सोलणाऱ्याचंच सांगतात. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी असते खरी, पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि जास्त झुरके घ्यावे लागतात, निकोटिन आणि टार काही कमी जात नाही.

म्हापशेकार
थोडं विषयांतर. आमची पणजी धुमटी (पानात तंबाखू गुंडाळलेली विडी) ओढायची, तीपण पेटतं टोक तोंडात घालून. लहानपणी आम्हाला जादू वाटायची. टाळू पार पांढरा, मध्ये मध्ये लाल ठिपके, तिला वाटायचं म्हातारपणाने होतं.

दंतकथा
@म्हापशेकार म्हातारपणाने नाही. ते धुराच्या उष्णतेने होतं, आणि उलट्या धुमटीत टाळूच्या कॅन्सरचा धोका असतो. घरात अजून कोणी तसं ओढत असेल तर टाळू दाखवून घ्या, हिरड्यांचं नंतर बघू.

लाळघोट्या_लॅबवाला
नावावर जाऊ नका, लॅबमध्ये खरंच लाळेचीच कामं केलीत सहा वर्षं. सुट्टा भाऊ, पट्टीबद्दल बोलू.

शरीरात गेलेलं निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, म्हणून ते मोजून उपयोग नसतो. लिव्हर त्याचं कोटिनिन करतं, ते निम्मं व्हायला १६-१८ तास लागतात, म्हणून लाळेत ते शोधतात. हिशोब करा, दर १६-१८ तासांनी निम्मं, तर चार-पाच दिवसांत, फार तर आठवड्यात न ओढणाऱ्याच्या पातळीला यायला पाहिजे. विसाव्या दिवशी पॉझिटिव्ह म्हणजे जुन्या सिगारेटचं नाही हे नक्की. दुसऱ्याच्या धुराने थोडं येतं पण सहसा इतकं नाही की पट्टी ठळक पेटेल. पट्ट्या कधीमधी चुकतात, मान्य, पण कोटिनिनला हे कळत नाही की निकोटिन धुरातून आलं, च्युइंगममधून आलं की गायछापमधून. तुम्ही निकोटिनचा गम खाताय का? तसं असेल तर भाचीला सांगा, विषय संपला. टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलला पण हेच तपासतात आणि गमवाले तिथे असेच अडकतात.

आमच्याकडे सोबत थायोसायनेट पण बघायचो. धुरात हायड्रोजन सायनाइड असतं, शरीर त्याचं थायोसायनेट करून टाकतं, ते लाळेत उतरतं आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. पण कोबी, फ्लॉवर, मोहरी जास्त खाल्ली तरी वाढतं, त्यामुळे एकट्यावर विश्वास नाही. दोन्ही एकत्र मात्र बोलतात. कोटिनिन वर आणि थायोसायनेट खाली असेल तर माणूस धूर घेत नाहीये, पण निकोटिन कुठून तरी चालू आहे.

आता लाळेतून हिरड्यांचं काय कळतं. एमएमपी-८ नावाचं एक एन्झाइम आहे, पांढऱ्या पेशी सोडतात, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे जे धागे असतात ते हे कापतं. हिरडीत जाळपोळ चालू असेल तर लाळेत ते वाढतं, बाहेरच्या देशांत त्याची प्रेग्नन्सी टेस्टसारखी दोन रेघांची पट्टी पण मिळते. पण गंमत बघा, काही अभ्यासांत सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत हे कमी आलंय, पॉकेट असूनसुद्धा. म्हणजे मॅडम म्हणाल्या तसं हिरडी पण गप्प आणि लाळ पण गप्प. त्यामुळे ओढणाऱ्याचा लाळेचा रिपोर्ट चांगला आला म्हणून नाचू नये, सळईचा आकडा खरा.

आणि नमुना देताना काय काय घोळ होतात ते वेगळंच. तासभर आधी काही खायचं नाही, ब्रश नाही, खाकरून थुंकायचं नाही, नुसतं ओठांवरून गळू द्यायचं. मिनिटाला साधारण ०.३ मिली येते, पाच मिनिटांत दीड मिली मिळाली तरी आम्ही खूश. लोक कंटाळतात आणि खाकरून बेडका टाकतात, मग ती नळी फेकायची. तुमच्यासारखं रक्त उतरलं तरी नळी बाद, कारण मग एन्झाइम लाळेचं की रक्ताचं तेच कळत नाही. तुमची नळी गुलाबी नव्हती ना?

सातपूरचा_सुट्टा
नव्हती. आणि तेच तर. गम-बिम काही खात नाही.

आता सांगतोच. ज्या सीनियरने आवळून धरल्याचं सांगितलं त्यानेच एक डबी दिली, म्हणे रक्त येतंय ना, रात्री हे हिरडीला चोळ, आमची आई हेच लावायची, हिरड्या घट्ट. काळी पावडर. मिश्री. बाराव्या दिवसापासून रोज रात्री लावतोय, रक्त खरंच कमी झालं होतं म्हणून मी खूश होतो. मी याला तंबाखू धरलंच नाही हो, दंतमंजन धरलं. आत्ता लॅबवाल्यांचं वाचताना डोक्यात ट्यूब पेटली.

कटिंग_मारके
भाऊऊऊ 🤦 पुढच्या दाराने हाकलली आणि मागच्या दाराने घेतली

सोलापूरची_मावशी
लेकरा, तुझं काही चुकलं नाही, आम्ही आयुष्यभर मंजनच म्हणलो तिला. आमच्या सासूबाई दर पंधरा दिवसाला लोखंडी तव्यावर तंबाखू भाजायच्या, काळी कुळकुळीत होईपर्यंत. तो वास घराबाहेर गल्लीपर्यंत जायचा, आम्ही सुना पदर नाकाला लावून खोकत बसायचो, मग गार झाली की खलबत्त्यात कुटून डबीत. मला पहिल्या बाळंतपणाच्या वेळी दात दुखायला लागले तेव्हा लावायला शिकवली, लाव, बरं वाटेल. बरं वाटायचंच की, जरा गरगरायचं आणि ठणका जायचा. मग सकाळी, मग जेवणानंतर, मग विड्या वळताना कंटाळा आला की बोट डबीत. २२ वर्षं. दिवसातून पाचदा दात घासते म्हणून नवरा चेष्टा करायचा, पण दात घासणं हे निमित्त होतं.

माझ्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी इतकी खाली गेली की मुळं उघडी पडली. जिथे बोट फिरायचं बरोब्बर तिथेच, मागच्या दाढा ठीक आहेत अजून. सुनेने सोडवली शेवटी, पहिल्या आठवड्यात माझं डोकं इतकं उठलं की मी डबी कचऱ्यातून परत काढली होती. ते सांगत नाही कुणाला, इथे नाव नाही म्हणून सांगितलं.

दंतकथा
मावशी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

सुट्टादादा, रक्त कमी का झालं ते आता तुमचं तुम्हालाच कळलं असेल. जंपर परत टाकलात, फक्त या वेळी थेट हिरडीवर. तंबाखू जिथे लावतात तिथली हिरडी सरकते, मावशींनी सांगितलं तसं. पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ सालीच बंदी आली, पण घरी भाजलेल्या डबीला कोण विचारतो. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्केच होते, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. त्यामुळे मी पेशंटला "तंबाखू घेता का" असं विचारतच नाही, दात कशाने घासता ते विचारते. खरं उत्तर तिथे मिळतं.

डबी टाकून द्या (कचऱ्यात नको, मावशींचं वाचलंत ना, पाण्यात सोडा). मऊ ब्रश, आणि फटींसाठी ते बाटली धुवायच्या ब्रशसारखे चिमुकले ब्रश मिळतात ते, साइज तुमच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. पहिले आठ-दहा दिवस त्यानेही रक्त येईल, येऊ द्या. तलफ फारच झाली तर निकोटिनचा गम डॉक्टरांना विचारून घ्या, पण तो साध्या गमसारखा चघळत बसायचा नाही, थोडा चावायचा, तोंड चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, आणि चहा-कॉफीवर लगेच नाही. सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर छापलेला असतो, फोनवर सोडायला मदत करतात. पाकीट नसेल आता घरात म्हणून इथे लिहिला.

सातपूरचा_सुट्टा
धागा वर काढतोय, अडीच महिन्यांनी.

डबी सीनियरला परत दिली, तो अजून लावतो, बोलून उपयोग नाही. दोन्ही बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत डॉक्टरांनी खालच्या दातांच्या मागून निघालेला कीटाचा एक तुकडा कापसावर ठेवून दाखवला, तांदळाच्या कणीएवढा, काळपट हिरवा, नखाने फुटेना. १८ वर्षं तो माझ्याबरोबर जेवत होता. मॅडम म्हणाल्या तसंच सगळं झालं, फटी दिसायला लागल्या, जिभेला चैन नाही, आइस्क्रीम बंद. मी डॉक्टरांना "ढिले केलेत" म्हणणारच होतो, धागा आठवला म्हणून गप्प बसलो. मागच्या आठवड्यात परत हाउजी झाली, तीन, चार, तीन, तीन. एका दाढेला मात्र अजून सहा आहे, तिथे बहुतेक हिरडी उघडून साफ करावं लागेल म्हणाले, आणि खालचा एक दात अजून हलतोच. बेसिन पांढरं.

भाचीकडे परत नळी भरली. निगेटिव्ह. तिने पट्टीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, आईने खाली हात जोडलेले पाठवले. फक्त तिच्या सीनियरने मला थिसिसमधून काढून टाकलंय. आधीची नळी धूर न घेता पॉझिटिव्ह, नंतरची निगेटिव्ह, ओढणाऱ्यांच्या गटात पण बसत नाही आणि न ओढणाऱ्यांच्या पण नाही म्हणे.